नऊ वर्षांचा प्रोसेसर

३ फेब्रुवारी

यंत्र रखडलं की ज्यांच्या नावाने शेरा मारला जातो, अशा तमाम बंधुभगिनींनो,

सध्या या सभेला तू एकटीच हजर आहेस, तरी मी सुरुवात बदलणार नाही. तीस वर्षं कर्मचारी संघटनेच्या व्यासपीठावर बोललेल्या माणसाला एकदम 'चि. भाचीस' असं लिहायला जमत नाही. शिवाय गाऱ्हाणं तुझ्या ओळखीचंच आहे. तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात रोज माणसं कॉम्प्युटर काखोटीला मारून येतात आणि 'हा फार हळू चालतो हो' असं खाली मान घालून सांगतात, जणू चोरी त्यांनीच केली आहे.

आता माझं ऐक. आमच्या सभागृहात होणाऱ्या भाषणांचं ध्वनिमुद्रण ऐकायचं आणि ती शब्दाला शब्द टाइप करायची, हे माझं काम तुला ठाऊक आहे. बावीस वर्षं करतोय. डोळ्यांना दिसत नाही म्हणून यात आजवर काही अडलं नाही. उलट कोण बोलायला उभं राहिलंय हे मला खोकल्यावरून कळतं, डोळसांना यादी बघावी लागते. डाव्या कानात हेडफोन, त्यात सभा. उजवा कान मोकळा, त्यात पोपट. पोपट म्हणजे माझ्या कॉम्प्युटरमधला बोलका प्रोग्राम. मी जे टाइप करतो, पडद्यावर जे उमटतं, ते तो स्पीकरमधून बोलून दाखवतो. मी 'क' दाबला की त्याने 'क' म्हणायचं. एवढाच आमचा संसार.

तर गेलं वर्षभर पोपट उशिरा बोलतो. मी 'क' दाबतो, टाचेने एक, दोन, तीन ठोके मोजतो, मग तो 'क' म्हणतो. तोवर माझी बोटं पुढच्या ओळीत पोचलेली असतात. मग चूक कुठे झाली ते शोधत मागे या, पुन्हा पुढे जा. दिवसाला वीस पानं करणारा मी अकरावर आलो.

परवा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या विभागाच्या अधीक्षकांनी, हातात कागद दिला. शिपाई मावशीने तो वाचून दाखवला. 'कामाचा वेग समाधानकारक नाही. २७ तारखेच्या समितीच्या बैठकीपर्यंत सुधारणा न झाल्यास चौकशी खिडकीवर नेमणूक करण्यात येईल.' चौकशी खिडकी म्हणजे काय, तर 'तिसरा मजला, डावीकडे' असं दिवसभर सांगत बसायचं. बावीस वर्षं लोकांची भाषणं कागदावर उतरवली, आता उरलेली वर्षं मी बाण होऊन काढायची का? भिंतीवर एक रंगवून घ्या म्हणावं, पगारही वाचेल.

बाकीच्या मजल्याला नवे कॉम्प्युटर मिळाले. मला नाही, कारण पोपट नव्या यंत्रावर चालत नाही आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. नव्या यंत्रातला आवाज मी ऐकून पाहिला. विमा विकायला आल्यासारखा गोड आहे आणि जरा वेग वाढवला की त्याची बोबडी वळते. म्हणून मी ठरवलंय, यंत्र जुनंच ठेवायचं आणि त्याचा मेंदू बदलायचा. आतला प्रोसेसर नऊ वर्षांचा आहे. मावशीने यंत्राच्या पुढच्या बाजूच्या चिठ्ठीवरचा नंबर वाचून दिला, तो खाली देतोय. त्यात कुठला नवा बसेल आणि कुठे मिळेल, एवढं सांग. बाकी मी बघून घेतो.

तुझा मामा


७ फेब्रुवारी

मामा,

सभेला एकटीच होते, पण टाळ्या भरपूर वाजवल्या. बाणाच्या ठिकाणी इतक्या मोठ्याने हसले की दुकानाच्या मालकाने चष्म्यावरून पाहिलं.

कामाचं सांगते. तुझा नंबर तपासला. त्याच बोर्डावर, त्याच खाचेत बसेल असा वरच्या दर्जाचा एक प्रोसेसर आहे. तुझ्यात दोन कोअर आहेत, त्यात चार. म्हणजे एका खोलीत दोन कारकून होते तिथे चार बसवायचे. नवा आता मिळत नाही, पण मोडीत निघालेल्या यंत्रांतून काढलेले आमच्याकडे येतात, त्यातला एक माझ्या खणात पडलाय. मात्र तुझा बोर्ड त्याला ओळखेल की नाही हे आधी पाहावं लागतं. नाही ओळखलं तर यंत्र सुरूच होणार नाही. मग आहे तो उशिरा बोलणारा पोपटही गेला.

म्हणून आधी काही विचारते. हसू नको, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारते. यंत्र सकाळी सुरू केल्या केल्या हळू असतं की नंतर होतं? मागे पंख्याचा वारा हाताला लागतो का? यंत्र कुठे ठेवलंय, आजूबाजूला काय आहे? आणि हा त्रास सुरू झाला तेव्हा त्या खोलीत काय बदललं होतं?

मालकाचं म्हणणं वेगळंच आहे. 'जुन्याला हात लावायचा नाही, नवीन घ्यायला लाव. मामा झाला तरी गिऱ्हाईकच.' मी म्हटलं, माझ्या मामाला एक वस्तू विकून दाखवा, महिनाभर दुकान मी झाडते. तो म्हणाला, 'बोलतो फार का?' म्हटलं, विकणारा दुकान सोडून पळतो.

आई विचारतेय, वेळेवर जेवतोस ना? खरं लिही, ती पत्र वाचणार आहे.

तुझी भाची


१० फेब्रुवारी

भाचेबाई,

मी वैद्याकडे गेलो नव्हतो, औषध मागायला गेलो होतो. तरी तू नाडी धरलीच आहेस, तर घे.

यंत्र सकाळी तासभर ठणठणीत असतं. अकराच्या सुमाराला रखडायला लागतं आणि जेवणानंतर तर विचारूच नको. यात नवल काय? अकरानंतर आमचा सगळा मजलाच रखडतो. पंखा आहे, म्हणजे वारा असणारच. आजूबाजूला काही नाही. खोलीत बदल म्हणशील तर सव्वा वर्षापूर्वी माझ्या पाठीमागच्या भिंतीशी फोटोकॉपीची दोन दांडगी यंत्रं आणून बसवली. दिवसभर खटाखट, खटाखट. दोन आगगाड्या माझ्या मानगुटीवरून धावतात म्हण. त्यांच्याविरुद्ध मी चार अर्ज दिलेत, चारही अर्जांचं भिजत घोंगडं पडलंय. पण त्यांचा माझ्या प्रोसेसरशी काय संबंध?

संबंध आहे तो दुसरीकडेच. जिथे जिथे माणूस यंत्रासमोर बसला, तिथे तिथे एक तिसरा माणूस मागे हात बांधून उभा राहिला आणि त्याने दोघांमधला दोष नेहमी बसलेल्याच्या पदरात टाकला. कारण यंत्राला शेरा लागत नाही, यंत्राची बदली होत नाही, यंत्र खाली मान घालत नाही. आंधळा माणूस यंत्रासमोर बसला म्हणजे तर प्रश्नच मिटला. काम उशिरा झालं, का? त्याला दिसत नाही. चला जेवायला. बावीस वर्षांत मला दिसत नव्हतंच की, तेव्हा वीस पानं कशी होत होती, हे विचारायला कुणाला सवड नाही. मोठ्या बाई वाईट नाहीत. मला हाताला धरून जिना उतरवायला येतात, मी नको म्हटलं तरी येतात. पण माझी वीस पानं कुठे गेली हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. दया आली की हिशेब मागायचं राहून जातं.

मला दया नको, चार कोअर पाठव. २७ तारीख तोंडावर आली आहे.

तुझ्या आईला सांग, मी वेळेवर जेवतो. वेळ बदलती असते.

तुझा मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

प्रोसेसर पाठवत नाही. डब्यात घालून, पत्ता लिहून तयार ठेवला होता, तुझं पत्र वाचलं आणि परत खणात टाकला.

प्रोसेसर म्हातारा होऊन हळू होत नाही. हे मी दिवसातून दहा वेळा सांगते आणि कुणाला पटत नाही, कारण माणूस आपल्या गुडघ्यांवरून जग मोजतो. नऊ वर्षांपूर्वी तो जेवढं काम करायचा तेवढंच आजही करू शकतो. पोपट तोच आहे, टाइप करणं तेच आहे, तू नवीन काही त्यात घातलेलं नाहीस. मग तो आत्ताच का रखडावा? तासभर ठीक आणि मग हळू, हे लक्षण तापण्याचं आहे. प्रोसेसर फार तापला की जळून जाऊ नये म्हणून तो स्वतःच हात आखडता घेतो. वारा मिळाला, थंड झाला, की पुन्हा पळतो. यावर तू चार कोअरवाला बसवलास तर तो याहून जास्त तापेल आणि याहून लवकर रखडेल. तुझे पैसे जातील ते जातील, २७ तारखेला तुझ्या हातात सांगायला काही उरणार नाही.

आणखी एक. 'आजूबाजूला काही नाही.' एवढंच लिहिलंस. मामा, तू 'हो' म्हणायला पाऊण पान घेतोस. फोटोकॉपीच्या यंत्रांवर आठ ओळी आणि या प्रश्नाला तीन शब्द? काय आहे तिथे?

तुझी भाची


१७ फेब्रुवारी

भाचेबाई,

म्हणजे दोष शेवटी माझ्याच घरात सापडला. मोठ्या बाईंनी जे करायला महिना मागितला ते तू दहा दिवसांत केलंस. तुझ्या मालकाने तुला उगाच ठेवलेलं नाही.

माझं काम मला येतं का, हे मी कुणाला सिद्ध करून दाखवणार नाही. यंत्र माझ्या लायकीचं करणार. तू पाठवत नाहीस तर नको पाठवू. काल बाजारात गेलो, दुकानं चाचपत फिरलो. एका दुकानदाराने तू सांगितलेलाच चार कोअरवाला काढून दिला. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. गिऱ्हाईकावर विश्वास ठेवणारी माणसं अजून आहेत. लहानशा प्लॅस्टिकच्या डबीत आहे, बिस्किटाएवढा. एवढ्याशा तुकड्यासाठी माझी खुर्ची पणाला लागली आहे याचं हसू येतं.

उद्या जेवणाच्या सुट्टीत मी आणि मावशी तो बसवणार. कचेरीचं यंत्र उघडायला मनाई आहे, झाकणावर कागदाची सीलपट्टी चिकटवलेली आहे. ती मी फाडणार. मावशी म्हणाली, 'साहेब, पट्टी फाडलेली कळेल हो.' मी म्हटलं, कळू दे. बावीस वर्षांत त्यांना माझ्याबद्दल एक तरी गोष्ट कळेल.

तुझा मामा


१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

मामा,

तुझी मेल आत्ताच वाचली. रागाचं नंतर बघू. आत्ता हे पोपटाकडून दोनदा वाचून घे.

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिच्यात केसासारख्या बारीक पिना असतात, हजाराच्या आसपास. प्रोसेसर उचललास की त्या उघड्या पडतात. एक जरी वाकली तरी बोर्ड गेला, आणि ती सरळ करायला आम्हाला भिंगाखाली अर्धा दिवस लागतो. तुझी सवय मला माहीत आहे. नवी वस्तू हातात आली की तू ती बोटांनी वाचतोस. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा तू चारी बाजूंनी वाचली होतीस. आयुष्यभर तुझी बोटं जिथे गेली तिथे तुझ्या कामी आली, पण ही एक जागा अशी आहे जिथे त्यांना जाऊ देता येणार नाही. तू तिथे बोट ठेवणार नाहीस यावर माझा विश्वास नाही. तुझा तरी आहे का?

झाकण उघडायचंच असेल तर उघड. धूळ काढ. पण प्रोसेसरला हात लावू नको. आणि काहीही उघडायच्या आधी मावशीला यंत्रासमोर उभी कर आणि विचार, 'मावशी, तुम्हाला इथे काय काय दिसतंय?' तिला एकेक वस्तू सांगू दे. माझी शपथ आहे.

तुझी भाची


२० फेब्रुवारी

खारूताई,

तू लहान असताना तुला या नावाने हाक मारायचो. आज मारावीशी वाटली, कारण आज तुझ्यासमोर मोठेपणाने बोलायची सोय राहिलेली नाही.

१८ तारखेला दुपारी मजला रिकामा झाल्यावर मी मावशीला तू सांगितलेला प्रश्न विचारला. शपथेखातर विचारला, उत्तर मला माहीत होतं. ती म्हणाली, 'टेबल दिसतंय. खोकं दिसतंय. खोक्याला गुंडाळलेली रजई दिसतेय. आधी रजई काढू का साहेब?'

हो. रजई. घरातल्या जुन्या रजईचा एक मोठा तुकडा, यंत्राच्या मागून आणि दोन्ही बाजूंनी, सुतळीने बांधलेला. मीच बांधलेला. फोटोकॉपीची यंत्रं आली तेव्हापासून मला उजव्या कानाने पोपट ऐकू येईना. त्यातच माझ्या यंत्राचा पंखा घरघरायला लागला. पाठीमागून खटाखट आणि समोरून घरघर, मध्ये पोपट बिचारा काय बोलणार? मागची यंत्रं माझ्या हाताखाली नव्हती. पंखा होता. ज्या आवाजावर माझा हात पोचत होता तेवढा मी दाबला. पोपट लगेच स्पष्ट ऐकू आला आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढे तो हळूहळू रखडायला लागला तेव्हा रजईचा आणि त्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही, असं मी तुला सांगू शकलो असतो. पण तू विचारलंस त्या दिवशी तो आला होता. म्हणूनच तीन शब्दांत उत्तर दिलं.

मावशीने सुतळी कापली. मी यंत्राच्या मागे तळहात धरला आणि झटक्यात मागे घेतला. तव्यावर हात ठेवल्यासारखं झालं. मग सीलपट्टी फाडली, झाकण उघडलं, आणि मावशीला आत बघायला सांगितलं. म्हणाली, 'साहेब, आत आणखी एक रजई आहे.' धूळ. पंख्याखालच्या पत्र्यांमध्ये नमद्यासारखी घट्ट बसलेली. पंखा फिरू नये म्हणून बोटाने धरून ठेवला आणि दाढीच्या ब्रशने सगळी काढली. मावशीने कागदाच्या पुडीत भरून ठेवली, पुरावा म्हणून. प्रोसेसरला हात लावला नाही. बोट दोनदा त्या दिशेने गेलं होतं, मावशीने मनगटावर चापट मारली.

चार वाजता मी 'क' दाबला. टाच खाली यायच्या आत पोपट 'क' म्हणाला.

काल एकवीस पानं झाली, आजही तेवढीच. पण पंख्याची घरघर परत आली आहे आणि मागची खटाखट तर होतीच. उजवा कान स्पीकरला टेकवून, मान वाकडी करून बसतो. संध्याकाळी मान सरळ करायला घरी भिंतीचा आधार लागतो. विकत आणलेला चार कोअरवाला डबीतच आहे. आता सांग, मोठ्या बाईंना काय सांगू?

तुझा मामा


२२ फेब्रुवारी

मामा,

काही सांगू नको.

तू माझं पिनांबद्दल ऐकलंस तसं हेही ऐक. एकवीस पानं होतायत, कागदावर तेवढंच दिसेल. रजई घरी घेऊन जा. पट्टीचं कुणी विचारलं तर 'माहीत नाही' म्हण, तुला दिसत नाही हे एकदा तरी तुझ्या उपयोगी पडू दे. तू खरं सांगितलंस तर ते काय लिहितील मला पाठ आहे: 'संबंधित कर्मचाऱ्याने स्वतःच यंत्र झाकून ठेवले, सबब दोष त्याचाच.' तुझे चार अर्ज कुणी उघडणार नाही, रजई मात्र सगळ्यांच्या लक्षात राहील. निवृत्तीपर्यंत तुला 'रजईवाला' म्हणतील.

घरघर पंख्याच्या छऱ्यांची आहे, ते झिजलेत. नवा पंखा आजच पाठवला. चार स्क्रू आहेत, मावशीला जमेल. तो आला की निदान समोरचा आवाज मिटेल. मागचं मला काही करता येत नाही.

तुला कधी गप्प राहायला सांगितलं नव्हतं. एवढ्या एका वेळी राहा.

तुझी भाची


२५ फेब्रुवारी

खारूताई,

पंखा पोचला. बसवला नाही, का ते सोबतच्या कागदात आहे. आधी तुझ्या पत्राचं ऐक.

ते मी काल सकाळी कचेरीतच उघडलं. फोटोकॉपीची यंत्रं चालू होती म्हणून स्पीकर पूर्ण मोठा केला होता. पोपटाने तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत भर खोलीत वाचलं. रजई, सीलपट्टी, 'माहीत नाही म्हण', सगळं. माझ्या टेबलाशी मोठ्या बाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे फोटोकॉपीसाठी सहा माणसं रांगेत.

पत्र संपलं आणि मोठ्या बाई म्हणाल्या, 'काय हो हे कटकट कटकट, जरा कमी करा ना आवाज.'

कुणालाही एक शब्द कळला नव्हता. पोपट माझ्यासाठी ज्या वेगाने बोलतो तो वेग त्यांच्या कानांना झेपतच नाही. तुम्हा डोळसांना ती मिरच्या तळल्यासारखी तडतड वाटते. मी सुटलो. रांगेतल्या एकाने शेंगा सोलल्याचा आवाज केला, बाकीचे हसले, मीही हसलो.

मग हसता हसता मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. गेली सव्वा वर्षं या खोलीत मी रोज मोठ्या आवाजात खरं बोलतोय. माझे चारही अर्ज याच स्पीकरमधून याच माणसांसमोर वाचले गेले. त्यांच्या कानांना वेग झेपत नाही, आणि कागदावर हळू मी. ही गोष्ट मी गप्प बसून खिशात घालावी असं तू म्हणतेस. तू प्रेमाने म्हणतेस हे मला कळतं. पण गप्प राहून खुर्ची वाचली तर ती त्या दोन यंत्रांच्या पुढ्यातच वाचेल, आणि माझ्या जागी उद्या जो येईल तोही घरून रजई घेऊन येईल.

म्हणून आज पोपटाला बाजूला ठेवलं आणि त्यांच्या वेगाने एक पत्र लिहिलं. मावशीने दोन्ही प्रतींवर माझी सही नीट आहे ना ते पाहिलं, आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला. नक्कल तुला.

तुझा मामा


२५ फेब्रुवारी

समितीच्या सदस्यांना,

माझ्या कामाचा वेग का घटला हे ठरवायला आपण २७ तारखेला अकरा वाजता बसणार आहात. आपलं काम सोपं करतो.

माझ्या कॉम्प्युटरभोवती सव्वा वर्ष एक रजई बांधलेली होती. ती मी बांधली. तिने यंत्राचा वारा अडला, प्रोसेसर तापला आणि त्याने काम कमी केलं. १८ तारखेला मी कचेरीची सीलपट्टी फाडून यंत्र उघडलं, धूळ काढली आणि रजई सोडली. रजई, सुतळी, पट्टीचे तुकडे आणि धुळीची पुडी सोबत जमा करतो. शिपाई मावशींनी माझ्या सांगण्यावरून मदत केली, जबाबदारी माझी. पट्टी फाडल्याची जी शिक्षा नियमात असेल ती द्या. मी हरकत घेणार नाही.

१९ तारखेपासून माझी रोज एकवीस पानं होत आहेत. मी वरच्या दर्जाचा एक प्रोसेसर स्वतःच्या खर्चाने आणला होता. तो डबीतून काढलेला नाही आणि काढणारही नाही. नऊ वर्षांच्या या प्रोसेसरमध्ये काही कमी नाही. माझ्यातही नाही.

आता रजई का बांधली ते. ते मी चार वेळा लिहून दिलेलं आहे. पहिला अर्ज फोटोकॉपीची यंत्रं आली त्याच आठवड्यात दिला. दुसऱ्यात ती यंत्रं जिन्याखालच्या रिकाम्या खोलीत हलवावी असं सुचवलं. तिसऱ्यात माझं टेबल हलवावं असं सुचवलं. चौथ्यात दोन कानांत दोन वेगळे आवाज देणारा हेडफोन मागितला, तोही मिळणार नसेल तर मी आणतो, फक्त जोडायची परवानगी द्या, असं लिहिलं. चारपैकी एकाही अर्जाला उत्तर आलं नाही. उत्तर आलं ते माझ्या वेगाबद्दल. जो माणूस कानांवर काम करतो त्याच्या कानाशी दोन यंत्रं आणून बसवायची, त्याने मागितलेलं काही द्यायचं नाही, आणि मग तो घरची रजई आणून कसंबसं काम चालवू लागला की त्याला हळू म्हणायचं, याला मी कामकाज म्हणत नाही. मला चौकशी खिडकीवर बसवायचं असेल तर बसवा. पण त्या आदेशात 'वेग' हा शब्द मी येऊ देणार नाही. तो आला तर चारही अर्ज मी संघटनेच्या व्यासपीठावरून वाचेन, आणि या वेळी असे वाचेन की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही प्रत्येक अक्षर ऐकू जाईल.

यंत्राचा पंखा घरघरतो. नवा पंखा माझ्या खणात आहे, तो मी मुद्दाम बसवलेला नाही. आपण हे प्रकरण कागदावरून ठरवू नये असं मला वाटतं.

बैठक अकराला आहे. साडेदहाला माझ्या खोलीत या. फोटोकॉपीची यंत्रं रोजच्यासारखी चालू असू द्या. तुमच्यापैकी एकाने माझ्या खुर्चीवर बसावं. यंत्रातल्या बोलक्या प्रोग्रामचा, म्हणजे माझ्या पोपटाचा, वेग तुम्हाला झेपेल इतका मी कमी करून देतो. डाव्या कानात सभा लावा, उजव्या कानाने यंत्र ऐका, डोळे मिटा आणि एक पान टाइप करा.